तुमच्यातल्या चौघांशिवाय एकही ठराव मंजूर होत नाही

प्रति,
सुरक्षा परिषदेवर निवडून आलेल्या दहा देशांचे प्रतिनिधी,
संयुक्त राष्ट्रे, न्यूयॉर्क

महोदय, महोदया,

सुरक्षा परिषदेबद्दल काही म्हणायचं असेल तर ते पाच कायम सदस्यांना उद्देशून म्हणायचं, असा रिवाज पडला आहे. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार सोडावा, निदान सामूहिक हत्याकांड चालू असताना तरी तो वापरू नये, अशा विनंत्यांचा, जाहीरनाम्यांचा आणि भाषणांचा ढीग साचला आहे. त्यात भर घालण्यात मला रस नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानं तो आपण होऊन खाली ठेवावा, या आशेवर किती पिढ्या बसून राहणार? सनद बदलायची म्हटलं तर कलम १०८ आडवं येतं. दोन तृतीयांश देशांची मान्यता हवी, आणि त्या मान्यता देणाऱ्यांत पाचही कायम सदस्य हवेत. परिषदेच्या विस्तारावर विचार करायला आमसभेनं कार्यगट नेमला तो डिसेंबर १९९३ मध्ये. चर्चा अजून चालू आहे. पुढेही चालू राहील.

म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुम्ही दोन वर्षांसाठी येता. मुदत संपल्यावर लगेच पुन्हा निवडून येण्याची मुभा कलम २३ देत नाही, त्यामुळे कामाचा सराव होतो न होतो तोच निघायची वेळ येते. समोरच्या पाच खुर्च्या १९४५ पासून तिथंच आहेत. कोणत्या ठरावात कोणतं वाक्य कुणी, कधी आणि कशाच्या बदल्यात घातलं, याची आठवण त्यांच्या कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असते. तुमच्या शिष्टमंडळाला ती पहिल्या दिवसापासून शिकावी लागते. यातून पाच जण घरचे आणि दहा जण पाहुणे अशी एक समजूत रूढ झाली. बाहेरच्यांनी ती करून घेतली तर समजू शकतं. तुमच्यातले पुष्कळ जणही पाहुण्यासारखेच वागतात, माझी तक्रार ती आहे.

आधी हिशेब पाहू. सुरुवातीला परिषद अकरा जणांची होती. १९६३ च्या दुरुस्तीनं, जी १९६५ मध्ये अमलात आली, ती पंधरा जणांची झाली आणि ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागू लागली. म्हणजे पाचही कायम सदस्य कधी नव्हे ते एकदिलानं उभे राहिले, तरी त्यांना उरलेली चार मतं तुमच्याकडूनच मिळवावी लागतात. आणि तुमच्यातल्या सात जणांनी हात वर केला नाही तर समोर आठच मतं उरतात. ठराव पडतो. कुणालाही नकाराधिकार वापरावा लागत नाही, कुणाला विरोधात मतही द्यावं लागत नाही, नुसतं तटस्थ राहिलं तरी पुरतं. न्यूयॉर्कच्या राजनैतिक वर्तुळात याला सहावा नकाराधिकार म्हणतात. पाच जणांना तो एकेकट्यानं वापरता येतो, तुम्हाला सात जण जमवावे लागतात. तुमची सगळी ताकद या जमवाजमवीत आहे आणि सगळी दुर्बलताही तिथंच.

ही ताकद खरी आहे याचा पुरावा २००३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाला. इराकवर हल्ला करायला परिषदेची स्पष्ट संमती मिळावी म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि स्पेन यांनी दुसरा ठराव आणला. बल्गेरिया त्यांच्या बाजूचा होता. म्हणजे चार मतं. उरलेली पाच मिळवण्यासाठी सगळा भर सहा देशांवर आला: अंगोला, कॅमेरून, चिली, गिनी, मेक्सिको आणि पाकिस्तान. फ्रान्स नकाराधिकार वापरणार होता हे खरं. पण नऊ मतं पडली असती तर 'बहुमत आमच्या बाजूनं होतं, एकानं अडवलं' असं म्हणायची सोय झाली असती. त्यासाठीच ती धडपड चालली होती. फोन झाले, मंत्र्यांचे दौरे झाले, आणि या देशांच्या शिष्टमंडळांचे फोन अमेरिकी गुप्तचर यंत्रणा ऐकू पाहत होती, हे ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर'नं २ मार्चला छापलं. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं. त्या महिन्यात ते गिनीकडे होतं. जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी एक देश परिषदेच्या खुर्चीवर आणि जगातली सगळ्यात बलाढ्य राजधानी त्याच्या दाराशी.

सहाही देश बधले नाहीत. १७ मार्चला ठराव मतदानाला न टाकताच मागे घेतला गेला. युद्ध २० मार्चला सुरू झालंच. पण त्यावर परिषदेचा शिक्का बसला नाही, आणि पुढच्या वर्षी सरचिटणीस कोफी अन्नान यांना ते युद्ध सनदेला धरून नव्हतं असं म्हणता आलं. युद्ध थांबलं नाही तर शिक्का नाकारून काय साधलं, असं विचारणारे आहेत. मला वाटतं, पुष्कळ साधलं. बेकायदा गोष्ट बेकायदा म्हणून नोंदली गेली, आणि त्या वेळी ती नोंद करू शकणारे फक्त तुमच्यासारखे देश होते.

याच्या उलटं उदाहरण अगदी अलीकडचं. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, युक्रेनवरच्या आक्रमणाला तीन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, परिषदेनं ठराव २७७४ मंजूर केला. मसुदा अमेरिकेचा. युद्ध लवकर संपावं असं त्यात होतं, पण कुणी कुणावर आक्रमण केलं हे नव्हतं. ते घालण्यासाठी युरोपीय देशांनी आणलेल्या दुरुस्त्या टिकल्या नाहीत. बाजूनं दहा मतं पडली, पाच देश तटस्थ राहिले. त्यांत फ्रान्स आणि ब्रिटन होते, तसेच निवडून आलेल्यांपैकी डेन्मार्क, ग्रीस आणि स्लोव्हेनिया. निवडून आलेल्या आणखी दोघांनी हात आखडता घेतला असता तर तो मसुदा आठ मतांवर पडला असता आणि आक्रमणाचा उल्लेख घालून पुन्हा लिहावा लागला असता. हात वर करणाऱ्या प्रत्येक देशाची आपापली कारणं असणार. युद्ध थांबावं ही इच्छाही त्यांत असेल. पण छोट्या देशांच्या सीमांचं रक्षण करणारं एकच वाक्य सनदेत आहे, कलम २ मधलं चौथं, आणि ते सोडून दिलेला कागद छोट्या देशांच्या मतांवर मंजूर झाला, हे मला पटलेलं नाही.

दबाव कसा असतो हे घरात बसून लिहिणाऱ्यानं तुम्हाला सांगायची गरज नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये येमेननं आखाती युद्धाला परवानगी देणाऱ्या ठराव ६७८ च्या विरोधात मत दिलं. हे तुमचं सगळ्यात महागडं मत ठरेल, असं येमेनच्या राजदूताला तिथल्या तिथं सांगण्यात आलं आणि मग अमेरिकेची मदत खरोखरच आटली. दुसऱ्या बाजूनं गाजरही असतं. इल्याना कुझिएमको आणि एरिक वेर्कर या अभ्यासकांनी २००६ मध्ये आकडेवारी मांडली: एखादा देश परिषदेवर निवडून आला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते, आणि मुदत संपली की पूर्ववत होते. हा अभ्यास अमेरिकेवर होता म्हणून नाव अमेरिकेचं. बाकीचे चार दानशूरपणे नुसते बघत बसतात असं समजायचं कारण नाही.

म्हणूनच एकेकट्यानं दिलेलं 'नाही' महाग पडतं. सात जणांनी मिळून दिलेल्या 'नाही'ची किंमत कुणाकडून वसूल करणार?

आता रवांडा. याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण नकाराधिकार न वापरताही परिषद कशी कोसळते ते तिथं दिसतं.

एप्रिल १९९४ मध्ये अध्यक्षपद न्यूझीलंडच्या कॉलिन कीटिंग यांच्याकडे होतं. ७ एप्रिलपासून तुत्सी या अल्पसंख्य समाजाची कत्तल सुरू झाली. दहा बेल्जियन सैनिक मारले गेले आणि बेल्जियमनं आपली तुकडी परत बोलावली. शांतिसेनेची मंजूर संख्या २,५४८ होती. नायजेरियाचे इब्राहिम गंबारी यांनी अलिप्त देशांच्या वतीनं सेना वाढवण्याचा मसुदा फिरवला. तो मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. २१ एप्रिलला ठराव ९१२ आला आणि सेना २७० वर आणायचं ठरलं. एकमतानं. नायजेरिया, न्यूझीलंड, चेक प्रजासत्ताक, पाकिस्तान, अर्जेंटिना, सगळ्यांचे हात वर. आणि रवांडाचाही, कारण त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा निवडून आलेला सदस्य होता. ज्या सरकारच्या लोकांनी कत्तल चालवली होती, त्याचा प्रतिनिधी गुप्त चर्चांसह सगळीकडे बसून सगळं ऐकत होता.

महिनाअखेरीस कीटिंग यांनी अध्यक्षीय निवेदनात 'वंशसंहार' हा शब्द घालायचा आग्रह धरला. बड्यांना तो नको होता. शब्द मान्य केला की १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार काहीतरी करणं भाग पडेल ही भीती. अध्यक्षीय निवेदनाला सर्वांची संमती लागते, म्हणून ते अडलं. तेव्हा कीटिंग यांनी वेगळी चाल केली: निवेदन होत नसेल तर ठराव म्हणून उघड मतदानाला टाकतो, कोण विरोध करतं ते जगाला दिसू दे. त्यांचं अध्यक्षपद ३० एप्रिलला मध्यरात्री संपणार होतं. तडजोड झाली. शब्द आला नाही, पण करारातली व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी निवेदनात उतरली. १७ मे रोजी ठराव ९१८ नं सेना ५,५०० करायचं ठरवलं. सैनिक वेळेत आले नाहीत. त्याच ठरावातल्या शस्त्रबंदीच्या भागाविरुद्ध एकच मत पडलं, ते रवांडाचं. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली.

यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली माहितीची. शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला तार पाठवून शस्त्रसाठ्यांबद्दल आणि तुत्सींच्या याद्या तयार होत असल्याबद्दल कळवलं होतं. ती तार परिषदेपुढे आली नाही. बड्या देशांचे राजधानी किगालीत दूतावास होते, गुप्तचर होते. त्यांना बरंच ठाऊक होतं. निवडून आलेल्यांना सचिवालय देईल तेवढंच. म्हणजे मत द्यायचा हक्क सारखा, पण कशावर मत देतोय ते कळण्याचा हक्क सारखा नाही. आजही वेगळं काही नाही. क्षेत्रातून येणारे अहवाल गाळून, मऊ करून तुमच्यापुढे येतात. मग मूळ अहवाल मागा. सेनापतीला दूरदृश्य यंत्रणेवर बोलवा आणि त्याला विचारा: तुला काय कमी पडतंय? उत्तर मिळालं नाही तर मुदतवाढीच्या ठरावावर मत देऊ नका. सात जण असं म्हणाले तर संध्याकाळपर्यंत अहवाल टेबलावर येईल.

दुसरी गोष्ट पोकळ हुकमांची. जून १९९३ मध्ये बोस्नियातली 'सुरक्षित क्षेत्रं' राखण्यासाठी ठराव ८३६ आला. हे काम नीट करायचं तर सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा अंदाज सरचिटणीसांनी त्यानंतर दिला. परिषदेनं स्वस्तातला पर्याय घेतला: ७,६०० च्या आसपास. निवडून आलेल्या दोन देशांनी त्या ठरावावर तटस्थ राहून सांगितलं की हे पुरणार नाही. ते देश व्हेनेझुएला आणि पाकिस्तान. व्हेनेझुएलाचे दिएगो आरिया त्याआधी एप्रिलमध्ये परिषदेच्या शिष्टमंडळाबरोबर त्यांपैकी एका क्षेत्राला, स्रेब्रेनित्साला, जाऊन आले होते, तिथली परिस्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बाकीच्या तेरा जणांनी हात वर केले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा पडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. ठरावात 'सुरक्षित' लिहिलं होतं म्हणून माणसं त्या गावात थांबली होती. कमी सैन्य पाठवण्यापेक्षाही हा गुन्हा मोठा आहे. संरक्षणाची हमी छापायची आणि संरक्षण पाठवायचं नाही, असा ठराव तुमच्यापुढे आला तर त्याच्या बाजूनं मत देणं म्हणजे काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं, असं स्वतःला समजावू नका. काही वेळा काहीच नसलेलं बरं असतं. निदान माणसं पळून तरी जातात.

नाकारण्याबद्दल एवढं. पण तुम्ही फक्त अडवावं असं माझं म्हणणं नाही. आरियांचंच पाहा. १९९२ मध्ये बोस्नियातून आलेल्या एका धर्मगुरूचं म्हणणं परिषदेनं ऐकावं असं त्यांना वाटलं, पण नियमांत जागा नव्हती. त्यांनी सदस्यांना सभागृहाबाहेर अनौपचारिकपणे जमवलं. आज 'आरिया पद्धतीच्या बैठका' हा परिषदेच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. त्यासाठी सनदेतला एक स्वल्पविरामही हलवावा लागला नाही.

कॅनडाचे रॉबर्ट फाउलर यांची गोष्ट मला त्याहून आवडते. १९९९ मध्ये कॅनडा परिषदेवर आला आणि त्यांच्या वाट्याला अंगोलावरच्या निर्बंध समितीचं अध्यक्षपद आलं. निर्बंध समित्या म्हणजे बड्यांनी तुमच्यावर टाकलेलं ओझं, असं तुमच्यात बोललं जातं, आणि ते फारसं चूकही नाही. उनिटा या बंडखोर संघटनेला शस्त्रं देऊ नयेत, तिचे हिरे घेऊ नयेत, असे ठराव कागदावर होते आणि व्यापार खुशाल चालू होता. फाउलर स्वतः आफ्रिकेत आणि युरोपात हिंडले, तज्ज्ञांचं मंडळ नेमवून घेतलं, आणि मार्च २००० च्या अहवालात निर्बंध मोडणाऱ्यांची नावं छापली. त्यांत टोगो आणि बुर्किना फासोचे विद्यमान राष्ट्राध्यक्ष होते. संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर राष्ट्राध्यक्षांची नावं अशी घ्यायची नसतात! केवढी आरडाओरड झाली. पण हिऱ्यांच्या बाजारावर प्रकाश पडला तो पडला, आणि २००३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे बंडखोरांचे हिरे बाजारात येऊ न देण्याची व्यवस्था, सुरू होण्यामागे या अहवालाचा वाटा होता. एका मरगळलेल्या समितीतून एवढं निघालं.

मसुदा लिहिण्याची लेखणीही अशीच. बहुतेक देशांच्या फायली अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्स सांभाळतात. तुमच्या हाती मसुदा येतो तेव्हा त्यांचं आपसात ठरलेलं असतं. पण ही वहिवाट आहे, नियम नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलिया, लक्झेंबर्ग आणि जॉर्डन यांनी सीरियात सरकारच्या परवानगीशिवाय सीमेपलीकडून मदत पोहोचवण्याचा ठराव २१६५ लिहिला. एकमतानं मंजूर झाला, रशियासकट. लाखो माणसांपर्यंत त्या वाटेनं अन्न आणि औषधं गेली, आणि रशियानं २०२३ मध्ये नकाराधिकार वापरून मुदतवाढ अडवली तोवर, दरवर्षी आकसत का होईना, ती वाट चालू होती. २०१६ मध्ये इजिप्त, जपान, न्यूझीलंड, स्पेन आणि उरुग्वे यांनी युद्धात इस्पितळांवर आणि डॉक्टरांवर होणाऱ्या हल्ल्यांबद्दलचा ठराव २२८६ आणला. २०१८ मध्ये उपासमारीचा हत्यार म्हणून वापर करण्याविरुद्धचा २४१७ हा ठराव नेदरलंड्स, कुवेत, स्वीडन आणि आयव्हरी कोस्ट यांचा. हे ठराव पाळले जात नाहीत, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण ते नसते तर कुणी मोडले हे म्हणायची भाषाही नसती.

गाझाच्या बाबतीत तुम्ही दहाही जण एकत्र आलात, हे मी विसरलेलो नाही. मार्च २०२४ मध्ये रमजानपुरत्या युद्धबंदीची मागणी करणारा ठराव २७२८ तुम्ही दहा जणांनी मिळून मांडला. चौदा मतं पडली आणि अमेरिका तटस्थ राहिली. लगेच वॉशिंग्टननं तो बंधनकारक नसल्याचं सांगितलं. तेव्हा, परिषदेचे सगळेच ठराव बंधनकारक असतात, असं मोझांबिकच्या राजदूतांनी ठणकावलं, ते बरं केलं. लढाई थांबली नाही. पुढे नोव्हेंबर २०२४, जून २०२५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तुमचे मसुदे चौदा विरुद्ध एक अशा मतांनी पडले. दहा जण एकत्र आले तरी एका कायम सदस्याच्या पुढे जाता येत नाही, हे यातून दिसलंच. मग पुन्हा मूळ प्रश्नावर येऊ का? नाही. कारण सनदेतली एक तरतूद आपण वापरलीच नाही.

कलम २७, पोटकलम ३. नकाराधिकार ज्या वाक्यातून जन्मला त्याच वाक्याच्या शेवटी एक अट आहे: सहाव्या प्रकरणाखालच्या, म्हणजे वाद शांततेनं सोडवण्याबद्दलच्या निर्णयांत, वादातल्या पक्षानं मतदानापासून दूर राहायचं. 'राहावं' अशी विनंती नाही, 'राहील' असं बंधन. हे पाळलंही गेलं आहे. १९४६ मध्ये अल्बानियाजवळ कॉर्फूच्या सामुद्रधुनीत ब्रिटिश युद्धनौका सुरुंगांवर आदळल्या. १९४७ मध्ये परिषदेनं ते प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे न्यावं असा ठराव केला तेव्हा ब्रिटननं मत दिलं नाही. पाच कायम सदस्यांपैकी एक, स्वतःच्याच तक्रारीवर, गप्प बसला. १९६० मध्ये इस्रायलनं नाझी अधिकारी आइकमनला ब्यूनोस आयर्समधून पळवून नेल्याबद्दलच्या ठरावावर, तक्रारदार असलेला आणि त्या वेळी परिषदेवर निवडून आलेला अर्जेंटिना मतदानात सहभागी झाला नाही. त्यानंतर ही तरतूद जवळजवळ अडगळीतच पडली. 'हा वाद नसून परिस्थिती आहे' किंवा 'हे सक्तीच्या उपायांबद्दलच्या सातव्या प्रकरणाखाली येतं' अशा पळवाटा काढल्या गेल्या, आणि कुणी हटकलं नाही.

२५ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवरच्या ठरावाला नकाराधिकार वापरला. त्या महिन्याचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं, म्हणजे आरोपीच न्यायासनावर. नॉर्वे तेव्हा तुमच्यासारखाच निवडून आलेला सदस्य. वादातला पक्ष म्हणून रशियानं मतदानापासून दूर राहायला हवं होतं, असं नॉर्वेनं सभागृहात म्हटलं. विषय भाषणातच राहिला.

तो भाषणातून बाहेर कसा काढायचा, याचं उत्तर कामकाजाच्या नियमांत आहे. हे नियम १९४६ पासून अजून 'तात्पुरते'च म्हणवतात, ही त्यातली गंमत. नियम ३० सांगतो: सदस्यानं नियमाचा मुद्दा उपस्थित केला की अध्यक्षानं तत्काळ निर्णय द्यायचा. कुणी आव्हान दिलं तर तो परिषदेपुढे ठेवायचा, आणि परिषदेनं उलटवला नाही तर तो कायम. उलटवायला नऊ मतं लागतात. नीट पाहा: निर्णय टिकवण्यासाठी बहुमत लागत नाही, पाडण्यासाठी लागतं.

हे कागदी कोडं नाही. कामकाजाच्या, म्हणजे कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर नकाराधिकार चालत नाही. सप्टेंबर १९५९ मध्ये लाओसच्या प्रश्नावर उपसमिती नेमायचं ठरलं. सोव्हिएत संघ म्हणाला, हा कामकाजाचा प्रश्न नाही, आम्ही नकाराधिकार वापरणार. त्या महिन्याचे अध्यक्ष इटलीचे एजिदियो ओर्तोना होते, निवडून आलेल्या सदस्याचे प्रतिनिधी. हा कामकाजाचाच प्रश्न आहे, असा त्यांनी निर्णय दिला. दहा विरुद्ध एक मतं पडली, सोव्हिएत प्रतिनिधीनं ठराव पडल्याचा दावा केला, आणि ओर्तोनांनी तो मंजूर झाल्याचं जाहीर केलं. उपसमिती लाओसला गेली. तिच्यात अर्जेंटिना, इटली, जपान आणि ट्युनिशिया होते, चौघेही निवडून आलेले. ओर्तोनांच्या पाठीशी तीन पाश्चात्त्य कायम सदस्य उभे होते, हे लपवायचं कारण नाही. पण मार्ग तयार झाला. परिषदेची प्रथा अशीच घडते. सनदेत कायम सदस्यांची 'संमतिदर्शक मतं' लागतात असं लिहिलं असताना त्यांची तटस्थता ठरावाला अडवत नाही, हेही प्रथेनंच ठरलं आणि १९७१ मध्ये नामिबियाबद्दलच्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते मान्य केलं.

पाच जण कडाडून विरोध करतील. वादाचा पक्ष कोण हे ठरवणं कामकाजाचा प्रश्न नाही, नकाराधिकार कुठे लागू होतो याबद्दल बड्या देशांनी केलेलं १९४५ चं सॅन फ्रान्सिस्कोचं निवेदन वाचा, असं म्हणतील. म्हणू देत. त्यांना ते उघड सभागृहात, स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागेल: आम्ही या वादात पक्ष आहोत आणि तरीही आम्हीच निकाल देणार. सातव्या प्रकरणाखालच्या सक्तीच्या उपायांना हे कलम लागू नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून मसुदा सहाव्या प्रकरणाखाली लिहा. चौकशी, मध्यस्थी, न्यायालयाकडे जाण्याची शिफारस. सैन्य पाठवता येणार नाही, पण परिषदेला तोंड उघडता येईल.

तेही अडलंच तर आमसभा आहे. फेब्रुवारी २०२२ च्या त्या नकाराधिकारानंतर दोन दिवसांनी ठराव २६२३ नं प्रश्न आमसभेकडे गेला. तो कामकाजाचा ठराव होता, म्हणून रशियाचं विरोधी मत त्याला अडवू शकलं नाही. बाजूनं अकरा मतं होती. लीख्टेनस्टाइनच्या पुढाकारानं एप्रिल २०२२ मध्ये आमसभेनं ठरवलं की कुणीही नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत तिथं चर्चा होणार. लीख्टेनस्टाइन परिषदेवर कधीच नव्हता, हे तुम्हाला जरा टोचायला हवं.

तुमच्याबद्दलही एक कटू गोष्ट. पुष्कळदा तुमच्या प्रादेशिक गटात जागा असतात तेवढेच उमेदवार असतात, निवडणूक नावालाच. मग परिषदेवर येणाऱ्यांत स्वतःच शेजारच्या युद्धात गुंतलेली सरकारंही येतात. रवांडाचं उदाहरण वर आलंच. कलम २७(३) तुम्हालाही लागू आहे. स्वतःच्या वादात मत देणारा निवडून आलेला सदस्य उद्या कायम सदस्याला काय तोंडानं अडवणार? सुरुवात तुमच्यापासून करा, अर्जेंटिनानं केली तशी.

दर महिन्याला तुम्ही दहा जण आपसात भेटता. पुढच्या भेटीत एवढंच ठरवा. ज्या मोहिमेला माणसं आणि पैसा दिलेला नाही तिच्या ठरावाला तुमच्यातले सात जण हात वर करणार नाहीत, हे लेखी आणि जाहीर. एकावर दबाव आला तर तो दहाही जणांना कळवायचा. १ ऑक्टोबरपासून निरीक्षक म्हणून बसायला येणाऱ्या नव्या पाच जणांना या बैठकीत आणि या बोलीत घ्यायचं, म्हणजे जानेवारीत साखळी तुटणार नाही. आणि कलम २७(३) वर नियमाचा मुद्दा कोण उपस्थित करणार, अध्यक्ष काय निर्णय देणार, आव्हान आलं तर कोण कसं मत देणार, याचा मसुदा आधीच तयार ठेवायचा. पंधरा महिन्यांच्या फेऱ्यात दहा महिने अध्यक्षपद तुमच्याकडे असतं. संधी कोणत्या महिन्यात येईल ते तुमच्या हातात नाही, पण तो कागद आज दुपारी लिहिता येईल.

आपला नम्र,
परिषदेची इतिवृत्तं वाचणारा एक नागरिक